एनव्हीडीए: फुकटातला स्क्रीन रीडर आणि त्याचे चार-पाच कर्सर

आधी निकाल सांगतो. विंडोजच्या कॉम्प्युटरवर डोळ्यांशिवाय काम करायचं असेल तर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून सांगणारा प्रोग्राम, घ्या. पैसे लागत नाहीत, मराठी बोलतं, माझ्या जुन्या मशीनवरही कुरकुरत नाही. मात्र त्याच्या शॉर्टकटची यादी पाठ करत बसू नका. यादी घडाघडा म्हणणारी माणसं मी अडकलेली पाहिली आहेत, कारण दाबलेलं बटण नेमक्या कोणत्या कर्सरला हलवतंय हे त्यांना ठाऊक नसतं. इथे कर्सर एकटा नाही. टाइप करायचा एक, वेबच्या पानावर फिरायचा एक, नुसतं चाचपून बघायचा एक, शिवाय फोकस (दाबलेलं बटण जिथे लागू होतं ती जागा) आणि माउस. एका वेळी हे वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतात. हे डोक्यात बसलं की पुढचं शिकणं सोपं. नाही बसलं तर रोज नवा गोंधळ.

मी अमळनेरला कृषी केंद्र चालवतो. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. आजाराचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा. आधी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं दिसेना, आता उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. दुकानाची उधारी, कंपन्यांची बिलं, कापसाचे भाव आणि मेल हे सगळं मी स्वतः कॉम्प्युटरवर करतो. खताच्या विक्रीची नोंद करायचं पॉस मशीन मुलाकडे, कारण आमच्याकडचं ते यंत्र मला काहीच बोलून सांगत नाही. म्हणजे हे परीक्षण नोटपॅड, एक्सेल, क्रोम आणि मेल एवढ्यापुरतं समजा. प्रोग्रामिंग करणाऱ्यांनी किंवा गाणी मिक्स करणाऱ्यांनी दुसऱ्या कुणाला विचारावं.

एनव्हीडीए २००६ साली मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या तरुणाने लिहायला घेतलं. तो स्वतः अंध. पुढे जोडीला आलेला जेम्स टेह, तोही अंध. दोघांनी मिळून एनव्ही ॲक्सेस ही ना-नफा संस्था काढली आणि प्रोग्राम कोडसकट सगळ्यांसाठी खुला ठेवला. बनवणाऱ्यालाच दिसत नव्हतं, त्याचा गुण मांडणीत उतरला आहे. सुरू करायला कंट्रोल-ऑल्ट-एन, बंद करायला एनव्हीडीए-क्यू, बोलणं तोडायला नुसतं कंट्रोल, थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करायला शिफ्ट. गिऱ्हाईक काउंटरवर आलं की माझा डावा हात आपोआप कंट्रोलवर जातो.

‘एनव्हीडीए बटण’ म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. इन्सर्ट धरून पुढचं बटण दाबायचं, नाहीतर सेटिंगमध्ये कॅप्स लॉकला तो मान द्यायचा. मी दोन्ही चालू ठेवले आहेत. कॅप्स लॉक खरोखरच लावायचा असेल तर लागोपाठ दोनदा दाबावा.

नवीन माणसाने पहिलं शिकायचं ते एनव्हीडीए-१. हे दाबलं की कीबोर्ड कामाचा राहत नाही, फक्त स्वतःची ओळख सांगतो. कुठलंही बटण दाबा, कुठलीही जोडी दाबा, तिचं नाव आणि काम ऐकू येतं, पण होत काही नाही. पुन्हा एनव्हीडीए-१ दाबलं की कीबोर्ड पूर्ववत. काहीतरी बिघडेल या भीतीने बोटं आखडतात ना, त्यावर यासारखं औषध नाही. माझी आई शेजारी बसून बराच वेळ हे ऐकत होती. शेवटी म्हणाली, “हाई कोन बोली राहिनं रे?” मी म्हटलं, कीबोर्ड. तिला पटलं नाही.

आवाजाबद्दल आईचं मत चुकीचं म्हणता येणार नाही. सोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठी वाचतो, पण माणसासारखा वाचत नाही. पत्र्यावर खडे टाकल्यासारखा... असो, कानाला गोड लागत नाही एवढंच. सुरुवातीला मला ‘ळ’ आणि ‘ल’ वेगळे ऐकू यायला त्रास झाला. पण या आवाजाचा मोठा गुण म्हणजे वेग वाढवला तरी शब्द एकमेकांत मिसळत नाहीत, आणि बटण दाबल्याबरोबर बोलतो. गोड आवाज अर्धा क्षण उशिरा बोलतात. ॲरोने एकेक अक्षर पुढे जाताना तो अर्धा क्षण जीव खातो. लांब बातमी ऐकायची असेल तर विंडोजचा दुसरा आवाज लावा, एनव्हीडीए-कंट्रोल-एसने बदलता येतो. कामाला ईस्पीकच बरा. मराठी पानावर इंग्रजी शब्द आले की आवाज आपोआप बदलण्याची सोय आहे, पण वेबवर तरी ती पान बनवणाऱ्याने भाषा नीट नोंदवली असेल तेव्हाच कामाची. बहुतेकांनी नोंदवलेली नसते.

आता कर्सर. हा या परीक्षणाचा खरा भाग आहे, बाकी वाचलं नाही तरी चालेल.

पहिला, टाइप करायचा कर्सर. नोटपॅड उघडा, चार ओळी लिहा आणि ॲरो फिरवा. उजव्या-डाव्या ॲरोने अक्षर, कंट्रोलसोबत उजवा-डावा म्हणजे शब्द, वर-खाली म्हणजे ओळ, होम-एंड म्हणजे ओळीची टोकं, कंट्रोल-होम आणि कंट्रोल-एंड म्हणजे कागदाची टोकं. ही विंडोजचीच बटणं आहेत, डोळस माणसंही हीच वापरतात. एनव्हीडीए फक्त बोलतं. पण काय बोलतं, याकडे नीट लक्ष द्या. जे अक्षर ऐकू येतं, कर्सर त्याच्या अलीकडे, म्हणजे डाव्या बाजूला उभा असतो. ‘स’ ऐकू आला आणि तो पुसायचा असेल तर डिलीट दाबायचं. बॅकस्पेस दाबलं तर ‘स’च्या आधीचं अक्षर जाईल. डोळ्यांना बारीक उभी रेघ दिसते म्हणून डोळस माणसाला हे कुणी शिकवत नाही. आपल्याला ती रेघ कानाने उभी करावी लागते. काहीही घालायचं झालं तरी हाच नियम: जे ऐकलं, त्याच्या आधी शिरेल.

मराठीत याला आणखी एक पदर आहे. ‘कापूस’ लिहून उजव्या ॲरोने चाला. का, पू, स अशी पावलं पडतात. ‘पू’वर असताना डिलीट दाबलं तर अख्खा ‘पू’ जातो. पण ‘पू’च्या पुढे जाऊन बॅकस्पेस दाबलं तर आधी फक्त दीर्घ उकार जातो आणि ‘प’ मागे राहतो, दुसऱ्यांदा दाबल्यावर ‘प’. म्हणजे पुढून पुसायला एक घास, मागून पुसायला दोन. ‘ज्वारी’मधला ‘ज्वा’ तर माझ्या नोटपॅडमध्ये एका पावलात ओलांडला जातो, पण मागून खोडताना काना, व, हलन्त आणि ज असा एकेक करून सुटतो. काही प्रोग्राममध्ये ॲरोसुद्धा जोडाक्षर तोडून चालतो. त्यामुळे मराठी शब्द दुरुस्त करताना माझी पद्धत ठरली आहे: मधे शिरून डागडुजी करायची नाही, कंट्रोल-बॅकस्पेसने सगळा शब्द उडवायचा आणि नव्याने लिहायचा. वेळ वाचतो आणि अर्धवट वेलांट्या मागे राहत नाहीत.

टाइपिंगसाठी इन्स्क्रिप्ट शिका. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, अशी मांडणी आहे. कीबोर्डवर एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटा असतो. इन्स्क्रिप्टमध्ये तिथे ऱ्हस्व वेलांटी आणि ‘र’ येतात. ‘ज्वारी’ म्हणजे पी, डी, बी, ई, जे, आर. विंडोज-स्पेसने भाषा बदलली की कोणता कीबोर्ड लागला ते एनव्हीडीए सांगतं. टाइप करताना प्रत्येक अक्षर ऐकायचं की नाही हे एनव्हीडीए-२ने आणि पूर्ण शब्द ऐकायचा की नाही हे एनव्हीडीए-३ने ठरतं. मी अक्षरं बंद आणि शब्द चालू ठेवतो. शिकताना दोन्ही चालू ठेवा, नंतर डोकं दुखायला लागलं की आपणच बंद करतो.

दुसरा, चाचपायचा कर्सर. इंग्रजीत त्याला रिव्ह्यू कर्सर म्हणतात आणि शिकणारे सगळ्यात जास्त त्यालाच घाबरतात. उगाच. जुन्या काळी मी खातेवही लिहायचो तेव्हा डाव्या हाताचं बोट एका ओळीवर रोवून ठेवायचो आणि नजर वर-खाली, मागच्या पानावर, बेरजेवर फिरवून आणायचो. बोट जागचं हलायचं नाही, म्हणून लिहायला परत यायचं कुठे ते पक्कं असायचं. टाइप करायचा कर्सर म्हणजे ते बोट, रिव्ह्यू कर्सर म्हणजे ती नजर. नजर कुठेही न्या, लिहिण्याची जागा तशीच राहते.

हा कर्सर न्यूमपॅडवर, म्हणजे कीबोर्डच्या उजव्या टोकाच्या आकड्यांच्या गटावर राहतो. नम लॉक बंद हवा. वरची रांग ओळींची: ७ मागची ओळ, ८ आत्ताची, ९ पुढची. मधली रांग शब्दांची: ४, ५, ६. खालची अक्षरांची: १, २, ३. मधला उभा रकाना नेहमी ‘आत्ताचं’ सांगतो. इतकी सरळ मांडणी दुसरीकडे क्वचित सापडते. पाचवर उंचवटा असतो, त्यावर मधलं बोट ठेवलं की बाकीची बटणं घरच्यासारखी सापडतात. आणि गंमत दोनदा दाबण्यात आहे. ५ दोनदा दाबला की शब्द सुटा सुटा करून सांगतो. २ दोनदा दाबला की अक्षराची ओळख शब्दाने देतो, बी असेल तर ब्राव्हो, डी असेल तर डेल्टा.

व्यापाऱ्याला याची किंमत विचारा. जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढचे दहा पॅनचे. बिलात बी आहे की डी की पी, हे वेगाने वाचताना कळत नाही. मी मेलमध्ये त्या ओळीवर जातो, नंबरवर येतो, मग ३ दाबत एकेक अक्षर ऐकतो आणि शंका आली तिथे २ दोनदा. उत्तर लिहिणं अर्धवट असलं तरी त्याचा कर्सर हलत नाही. एनव्हीडीए-पीने विरामचिन्हं किती वाचायची तेही तपासून ठेवा. पातळी फार खाली असली तर बिल नंबरातली तिरकी रेघ बोललीच जात नाही आणि दोन आकडे चिकटतात.

लॅपटॉपवाल्यांची इथे पंचाईत आहे. न्यूमपॅड नसेल तर लॅपटॉप मांडणी लावायची सोय आहे आणि तीच कामं एनव्हीडीएसोबत ॲरो, पूर्णविराम, कंट्रोल, शिफ्ट अशा जोड्यांनी होतात. होतात, पण बोटांची कसरत होते, आणि मांडणी बदलली की साधी बटणंही बदलतात. ‘इथून सगळं वाच’ हे डेस्कटॉप मांडणीत एनव्हीडीए-डाउन ॲरो, लॅपटॉप मांडणीत एनव्हीडीए-ए. कुणी फोनवर शिकवत असेल तर आधी विचारा, कुठली मांडणी. माझा स्पष्ट सल्ला: लॅपटॉप असला तरी न्यूमपॅडवाला यूएसबी कीबोर्ड विकत घ्या. मी जळगावच्या गोलाणी मार्केटमधून आणला. दुकानदाराने रंगीत दिव्यांचा दाखवला, मी म्हटलं, भाऊ, दिवे नकोत, बटणं मोठी आणि वेगवेगळी दे. वरच्या एफ बटणांचे चार-चारचे गट सुटे असावेत, इन्सर्ट-होम-पेजअप हा सहाचा गट स्वतंत्र असावा आणि ॲरोंना चहूबाजूंनी मोकळी जागा असावी. हे तीन बघून घ्या, ब्रँड कुठलाही चालेल. बायकोने इन्सर्टवर आणि डिलीटवर खड्याची टिकली चिकटवून दिली आहे. उन्हाळ्यात गोंद सुटतो. आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहेच.

तिसरा कर्सर वेबच्या पानावरचा. क्रोममध्ये पान उघडलं की एनव्हीडीए त्याची एक वाचायची प्रत तयार करतं आणि त्या प्रतीवर आपल्याला ॲरोने फिरू देतं, जणू ते पान म्हणजे साधा मजकूर. याला ब्राउझ मोड म्हणतात. या अवस्थेत अक्षरांची बटणं लिहीत नाहीत, उड्या मारतात. एच म्हणजे पुढचं शीर्षक, के म्हणजे लिंक, बी बटण, ई लिहायची चौकट, एफ फॉर्ममधली कुठलीही जागा, टी टेबल, जी चित्र. शिफ्ट धरून तेच अक्षर दाबलं की मागे. १ ते ६ आकडे शीर्षकाच्या पातळ्यांना. एनव्हीडीए-एफ७ दाबलं की पानावरच्या लिंका, शीर्षकं, बटणं यांची यादीच समोर येते आणि तिच्यात टाइप करून शोधता येतं. बातमीचं पान वरपासून खालपर्यंत टॅबने चालत जाणारी माणसं बघितली की वाईट वाटतं. टॅब फक्त लिंका, बटणं आणि फॉर्मच्या जागांवर थांबतो, मधला मजकूर ओलांडून जातो. बातमी वाचायची तर एच दाबा आणि मग डाउन ॲरो.

लिहायच्या चौकटीवर एंटर दाबला की अवस्था पालटते, आता तीच अक्षरं लिहिली जातात. याला फोकस मोड म्हणतात. पालटताना बारीकसा आवाज होतो, दोन्ही अवस्थांचा वेगळा. तो आवाज ओळखायला कान लवकर तयार करा. एनव्हीडीए-स्पेसने हाताने पालटता येतं, चौकटीतून बाहेर यायला एस्केप. ‘मी नाव लिहितोय आणि कॉम्प्युटर भलतंच काहीतरी बोलतोय’ अशी तक्रार घेऊन जो कुणी फोन करतो, तो ब्राउझ मोडमध्ये बसून लिहीत असतो. त्याच्या नावातला एच त्याला शीर्षकावर नेतो आणि के लिंकवर. उलट तक्रारही येते, ‘एच दाबतोय तर शीर्षक येत नाही.’ तो चौकटीत अडकलेला असतो आणि चौकटीत ओळीने एचएचएच उमटलेले असतात.

माझ्या रोजच्या कामात या कर्सरचं सोनं होतं ते टेबलात. बाजार समित्यांचे भाव टेबलात येतात: जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. पूर्वी मुलगा वाचून दाखवायचा आणि नेमका सर्वसाधारण दर गाळायचा. आता टी दाबून टेबलात जातो, मग कंट्रोल-ऑल्ट धरून ॲरो. उजवीकडे गेलं की त्याच ओळीतला पुढचा रकाना, खाली गेलं की त्याच रकान्यातली पुढची ओळ. सर्वसाधारण दराच्या रकान्यात एकदा उभं राहिलं की नुसतं खाली उतरत जायचं. टेबल नीट बांधलेलं असेल तर आडवं जाताना रकान्याचं शीर्षकही बोलतं. गिऱ्हाईक बाकावर बसून “नाना, आज कापूस काय म्हणतोय?” विचारतं आणि मी चहा यायच्या आत तीन बाजारांचे आकडे सांगतो.

फक्त एक सावधगिरी. काही जुन्या लॅपटॉपवर ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरने कंट्रोल-ऑल्ट-ॲरो हीच जोडी स्क्रीन फिरवायला ठेवलेली असते. आपल्याला टेबल व्यवस्थित ऐकू येत राहतं आणि स्क्रीन उलटी झालेली असते. आमच्याकडे दोन दिवसांनी कळलं, मुलगी गाणं लावायला आली तेव्हा. त्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधून हॉटकी बंद करा.

एक्सेलमध्ये पुन्हा वेगळा हिशेब. तिथे ॲरो घरातून घरात नेतो. घरातल्या मजकुरात शिरायला एफ२ लागतो, मग तोच ॲरो अक्षरावरून अक्षरावर चालतो. एफ२ न दाबता नुसतं टाइप केलं की आधीचं पुसलं जाऊन नवीन येतं, आणि ॲरो दाबताच आपण शेजारच्या घरात. उधारीच्या पत्रकात हे ध्यानात ठेवलेलं बरं.

चौथा प्रकार, ऑब्जेक्टवरून फिरणं. काही खिडक्यांमध्ये असा मजकूर असतो ज्यावर टॅब पोचतच नाही. इन्स्टॉल करतानाचा इशारा, प्रोग्रामच्या तळाचा संदेश वगैरे. आधी एनव्हीडीए-बी दाबून अख्खी खिडकी वाचून घ्या, बहुतेकदा तेवढ्यात भागतं. नाही भागलं तर एनव्हीडीएसोबत न्यूमपॅड: ८ म्हणजे बाहेरच्या डब्यात, २ म्हणजे आतल्या पहिल्या वस्तूत, ४ आणि ६ म्हणजे शेजारी, ५ म्हणजे आत्ता कुठे आहोत. एंटरने ती वस्तू दाबली जाते. हरवलात तर एनव्हीडीए-न्यूमपॅड वजा, की नजर परत फोकसवर. माउस तिथे आणून टिचकी मारायची असेल तर एनव्हीडीए-न्यूमपॅड भागाकार आणि मग नुसता भागाकार. खरं सांगायचं तर मला हे आठवड्यात एखाददुसऱ्या वेळीच लागतं. सुरुवातीला शिकवू नये. शिकवणारे उत्साहात हेच आधी शिकवतात आणि शिकणारा पळतो.

मला हा कर्सरांचा प्रकार उलगडून सांगितला तो चोपड्याच्या एका मुलीने. जन्मापासून दिसत नाही, बँकेत नोकरीला आहे. तिचं एक वाक्य मी अजून वापरतो: “नाना, आपन कोठे शेतस ते आधी इचारी ल्या.” कोठे आहोत ते विचारायची बटणं तीनच. एनव्हीडीए-टी म्हणजे खिडकीचं नाव. एनव्हीडीए-टॅब म्हणजे फोकस कशावर आहे. एनव्हीडीए-अप ॲरो म्हणजे कर्सर आहे ती ओळ. काहीही बिनसलं की तिघांना विचारायचं, मगच पुढचं बटण. तिने बरंचसं फोनवर शिकवलं. आता २०२५.१ या आवृत्तीपासून रिमोट ॲक्सेस एनव्हीडीएतच आलं आहे. दोन्हीकडे एनव्हीडीए असलं की ती चोपड्यात बसून माझा कॉम्प्युटर तिच्या कीबोर्डने चालवू शकते आणि माझ्या मशीनचं बोलणं तिला तिकडे ऐकू येतं. गावोगावी शिकवणारं माणूस मिळत नाही अशा आपल्या भागात ही सोय फार मोठी आहे. संस्थाच हवी असेल तर जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचं मनोबल केंद्र आहे, तिथे दिव्यांग मुलं स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. मी त्या वयाचा नाही, त्यामुळे तिथला अनुभव नाही.

जॉज या दुसऱ्या, विकतच्या स्क्रीन रीडरशी तुलना सगळे विचारतात. जॉज जुना आणि दमदार आहे, १९८९ सालच्या डॉसच्या काळापासूनचा. त्याचाही तोच संसार: पीसी कर्सर न्यूमपॅडच्या अधिकवर, जॉज कर्सर वजावर, वेबसाठी व्हर्च्युअल कर्सर. वेबवरची एच-टी-बी ही अक्षरंही बरीचशी सारखी, त्यामुळे एक शिकलेलं दुसरीकडे वाया जात नाही. पण परवाना विकत घ्यावा लागतो, आणि न घेता चालवला तर चाळीस मिनिटं चालतो, मग कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचा. ऑफिस घेऊन देत असेल तर जरूर घ्या. स्वतःच्या खिशातून माझ्यासारख्या दुकानदाराने घ्यावा असं काही मला त्यात सापडलं नाही. विंडोजचा स्वतःचा नॅरेटर विंडोज-कंट्रोल-एंटरने सुरू होतो. परक्या मशीनवर एनव्हीडीए टाकेपर्यंत तो उपयोगाचा. पण एनव्हीडीएची प्रत पेन ड्राइव्हवरही करून घेता येते, इन्स्टॉल न करता चालते. मी सीएंच्या ऑफिसात जाताना ती खिशात ठेवतो.

कुठे कमी पडतं? जुन्या मराठी फॉन्टपुढे ते हतबल आहे. कृतीदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल डोळ्यांना मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर तीच वाचणार. स्कॅन करून पाठवलेली पीडीएफ म्हणजे नुसता फोटो, तिथे शांतता. यात एनव्हीडीएचा दोष नाही, पण भोगायचं आपल्यालाच. मी एका कार्यालयाला परिपत्रक युनिकोडमध्ये, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरं असतील असं, पाठवा म्हणून लिहिलं. उत्तर आलं, स्कॅन करून. माझं हिशेबाचं सॉफ्टवेअरही अर्ध्या पडद्यांवर मुकं आहे, म्हणून उधारी एक्सेलमध्ये ठेवतो. आणि एनव्हीडीएचा स्वतःचा दोष सांगायचा तर सेटिंगच्या खिडकीत इतके पर्याय आहेत की नवीन माणूस तिथे शिरला तर संध्याकाळ होते. वेग, आवाज आणि एनव्हीडीए बटण कोणतं, एवढं ठरवून बाहेर या.

शिकण्याचा क्रम माझ्या मते असा ठेवावा. काही दिवस फक्त नोटपॅड, ॲरो, डिलीट आणि बॅकस्पेस. कर्सर अक्षराच्या कुठल्या बाजूला आहे हे न सांगता कळायला लागेपर्यंत क्रोम उघडूच नये. मग न्यूमपॅडची नऊ बटणं. मग वेब, तेही फक्त एच, के, ई आणि एनव्हीडीए-स्पेस. मुलांना हे सगळं चार दिवसांत हवं असतं, त्यांचं चालतं. पन्नाशीच्या पुढच्यांनी आपल्या गतीने जावं.

शेजारी बसून शिकवणाऱ्या डोळस मंडळींना एक कळकळीचं सांगणं आहे. माउसला हात लावू नका. “थांबा नाना, मी करून देतो” म्हणून तुम्ही कुठेतरी टिचकी मारता, फोकस तिथे जातो, आणि शिकणाऱ्याने कानाने जपलेली जागा हातची जाते. त्याला कळतही नाही की ती गेली. स्क्रीनवर काय दिसतंय ते तोंडाने सांगा आणि बटण त्याला शोधू द्या. राहवलंच नाही आणि टिचकी मारली, तर तसं सांगा आणि त्याला एनव्हीडीए-टॅब दाबू द्या. मग पुढे चला.